शेळ्यांच्या नावानं काढलेले पैसे

यांना झोपताना माझ्या डाव्या छातीवर हात ठेवायची सवय होती. लग्न झाल्यापासूनची. दिवसभर लोहा-नांदेड जीप चालवून आलेला तो हात जड असायचा, आणि कितीही साबण लावला तरी त्याला डिझेलचा वास यायचा. पुढं ती छातीच राहिली नाही, तरी हात तिथंच यायचा.

लातूरच्या दवाखान्यात गाठीचं ऑपरेशन ठरलं तेव्हा डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, की ती बाजू सगळी काढावी लागेल. पण त्याच वेळी आत सिलिकॉनचं बसवता येतं, वरून पाहणाऱ्याला कळत नाही. ऑपरेशन सरकारी योजनेत होणार होतं, हे बसवायचं मात्र आपल्या खिशातून. बाहेर आल्यावर मी म्हणाले, "मला कशाला ते? पोरगी लग्नाला आलीय. कोण पाहायलंय मला?"

"मी पाहायलोय की," हे म्हणाले, आणि चहा आणतो म्हणून निघून गेले. त्यांनाही लाज वाटली असणार.

त्यांनी मोटारसायकल विकली. जीप मालकाची होती, मोटारसायकल तेवढी स्वतःची. तिच्यावर मागं बसून मी कंधारला बांगड्या भरायला जायची, किल्ल्याजवळ थांबून आम्ही भजी खायचो. ती गेली आणि हे रोज सकाळी फाट्यापर्यंत पायी जाऊ लागले. गावात कुणी विचारलं तर नुसते हसायचे. मग गावानंच ठरवून टाकलं, की गाडी पत्त्यात गेली. मी म्हणायची, "खरं सांगून टाका ना." तर म्हणायचे, "काय सांगू? बायकोच्या छातीची गोष्ट पारावर बसून सांगू? म्हणू दे पत्तेवाला. त्यानं काय अंगाला भोकं पडायलीत का?"

एक गोष्ट मात्र मी त्यांना कधी सांगितली नाही. ऑपरेशन झाल्यापासून त्या बाजूला मला काही कळायचं नाही. ते हात ठेवायचे, समाधानानं डोळे मिटायचे, आणि मला हात आल्याचं नुसतं दिसायचं. मग मी माझा हात त्यांच्या हातावर ठेवायची. निदान माझ्या तळव्याला तरी तो लागायचा.

चार वर्षांखाली हे गेले. जीप कडेला लावली आणि स्टेअरिंगवर डोकं टेकलं. पाठीमागच्या प्रवाशांना वाटलं, डुलकी लागली. त्यांनी बराच वेळ उठवलंसुद्धा नाही.

त्यानंतर ते आतलं घट्ट होत गेलं. आधी कडक, मग दगडासारखं. भाकरी थापताना डावा हात वर येईना. कापूस वेचायला गेले तर दुपारपर्यंत खांद्यात कळा. नांदेडच्या डॉक्टरबाईंनी हात लावताच सांगितलं, आतून आवळलंय, फाटलंही असेल, काढून टाकावं लागेल. मी विचारलं, "दुसरा आजार तर न्हाई ना?" त्या म्हणाल्या, "नाही. पण हे ठेवून चालणार नाही."

सरकारी दवाखान्यात फुकट झालं असतं. मी गेलेही होते एकदा. डॉक्टरांसोबत शिकणारी पोरं-पोरी होती, चांगली होती बिचारी, पण ती सगळी भोवती उभी राहिली आणि मला पदर सोडता येईना. केसपेपर तसाच हातात धरून मी बसस्टँडवर आले. म्हणून मग डॉक्टरबाईंकडेच करायचं ठरवलं. वेचणीचे थोडे पैसे होते, यांच्या मागं जीपमालकानं दिलेले थोडे होते. उरलेले बचत गटातून काढायचे होते.

आमच्या गटात पैसे मागायची एक रीत आहे. मागणाऱ्या बाईनं उभं राहून सगळ्यांसमोर कारण सांगायचं. बायका विचारतात, ती उत्तर देते, मग सगळ्या हात वर करतात. मी उभी राहिले. अध्यक्षबाई म्हणाल्या, "बोल की." माझ्या तोंडून निघालं, "शेळ्या घ्यायच्यात. दोन." सगळ्यांचे हात एकदम वर गेले. मी कधी काही मागितलेलं नव्हतं, म्हणून त्यांना आनंदच झाला.

पैसे मिळाले. डॉक्टरबाईंनी रक्त तपासलं आणि म्हणाल्या, अंगात रक्त कमी आहे, गोळ्या खा, पुढच्या महिन्यात या. म्हणून मी घरीच राहिले. आणि दुसरी रीत मी विसरले. गटाच्या पैशातून जनावर घेतलं, की सगळ्या बायका ताट घेऊन त्याला पाहायला येतात, कुंकू लावतात, भाकरी-गूळ चारतात.

शुक्रवारी दुपारी त्या आल्या. पुढं अध्यक्षबाई, हातात ताट. मागं शेजारची म्हातारी, काठी टेकत. तिच्या मागं बाकीच्या.

"कुठं बांधल्यात गं?" म्हातारी गोठ्यात डोकावून म्हणाली. "लेंडी सुदीक दिसंना."

"आणायच्यात अजून."

"लोह्याचे दोन बाजार होऊन गेले की. तुझ्या शेळ्या काय इमानात बसून यायल्यात का?"

बायका हसल्या. अध्यक्षबाई हसल्या नाहीत. "पैसे हायत का घरात?"

"हाव."

"मग शेळ्या का न्हाईत?"

मी आत जाऊन पेटीतून पैसे आणले आणि त्यांच्या ताटात ठेवले, गुळाच्या खड्याशेजारी. वाटलं, घेऊन जाऊ देत. हात वर येत नाही तर न येवो. पण अध्यक्षबाईंनी ताट हलवलं नाही. "आम्ही काय पोलीस हाव का? काय झालंय ते सांग."

"आप्रेशन करायचंय."

"पुन्हा निघालं का गं?" कुणीतरी घाबरून विचारलं.

"न्हाई. तवा आत बसवलं होतं, ते काढायचंय."

"काय बसवलं होतं?"

मी खाली बघून सांगितलं. एकदाच, हळू. म्हातारीला ऐकू कमी येतं, तर तिच्या सुनेनं तिच्या कानात मोठ्यानं पुन्हा सांगितलं. गोठ्यापर्यंत आवाज गेला असेल. मला भुईनं पोटात घ्यावं असं झालं.

"म्हंजी हे खरं न्हाई व्हय?" म्हातारी माझ्याकडं निरखून बघू लागली. "मी आपली सगळ्यांना सांगत फिरायलेय, हिच्या अंगाला आजारानं हात लावला न्हाई म्हणून!"

"आत्याबाई, गप बसा," सून म्हणाली. पण हसू फुटलंच. मीसुद्धा हसले. हसताना छाती ओढली गेली आणि मी खांदा धरून खाली बसले.

"लई पैसे लागले असतील तवा," अध्यक्षबाई म्हणाल्या. "कुठून आणले?"

"मोटारसायकल इकली यांनी."

मग म्हातारी काठी बाजूला ठेवून माझ्याजवळ खाली बसली. "ती गाडी? पत्त्यात गेली ती?"

"पत्त्यात न्हाई गेली, मावशी. ते पत्ते खेळतच नव्हते. यांना पत्ते पिसतासुद्धा येत नव्हते."

"मी त्याला तोंडावर म्हणले गं," म्हातारी म्हणाली. "फाट्यावर पायी चालला होता. म्हणले, काय रे पत्तेवाल्या, आता बायकोला बी लावतोस का डावावर? तर हसला. म्हणला, मावशी, बायको हाय माझ्यापाशी, तेवढी ठिवलीय." तिनं पदर तोंडाला लावला.

हे मला माहीत नव्हतं. घरी येऊन त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. त्या क्षणी मला हे इतके हवेसे वाटले, की दारातून येतात की काय म्हणून मी खरंच तिकडं पाहिलं. दारात चपलांचा ढीग होता.

अध्यक्षबाईंनी पैसे ताटातून उचलून माझ्या ओटीत टाकले. "शेळ्याच लिवलंय, शेळ्याच राहू दे. फेडायचं तसंच फेड." मग भाकरीचा तुकडा मोडला, त्यावर गूळ ठेवला आणि माझ्या तोंडाजवळ आणला. "खा. चारल्याबिगर आम्ही जात न्हाई." ताटातल्या कुंकवाला कुणी हात लावला नाही. मीही तिकडं पाहिलं नाही.

ऑपरेशनला चाकूरहून लेक आली. शुद्धीवर आल्यावर मी नर्सबाईला म्हणाले, मला ते बघायचंय. तिनं ट्रेमध्ये आणून दाखवलं. पिवळट, एका बाजूला सुरकुतलेलं, वाटीएवढं. मला वाटलं होतं, ओंगळ वाटेल. पण मला आमची मोटारसायकल आठवली, रविवारी हिरीवर धुतलेली, आणि तिची मागची सीट. "घरी नेऊ का?" मी विचारलं. "नेता येत नाही, मावशी," ती म्हणाली, "ते जाळायला जातं." लेकीनं मान फिरवली. ती रडत होती. तीही बापाला पत्तेवालाच समजत होती, हे तिनं मला त्याच दिवशी सांगितलं.

आता डावीकडं सपाट आहे. ब्लाऊजमध्ये मी काही भरत नाही. पहिल्यांदा पाण्याला गेले तेव्हा पदर दोनदा गुंडाळला. आता एकदाच गुंडाळते. भाकरी दोन्ही हातांनी थापता येते.

परवा दुपारी जेवून बाजेवर पडले होते. डाव्या बाजूला सहज हात गेला. कातडीला अजून काही कळत नाही, पण मध्ये ते नाही म्हणून हात बरगड्यांना लागला. त्याचं वजन आत कळलं. खाली काळजाचे ठोके कळले. मी हात तसाच ठेवला. माझा हात हलका आहे, त्यांचा जड होता. तो आज इथं आला असता, तर मला कळला असता.