आत्याबाईंचं दातवण

आमच्या आत्याबाईंइतके काळे दात उभ्या बुलढाणा जिल्ह्यात दुसऱ्या कोणाचे नव्हते, आणि त्या काळेपणाचा त्यांना जेवढा अभिमान होता तेवढा लोकांना सोन्याच्या दागिन्यांचाही नसतो. आत्याबाई म्हणजे माझ्या नवऱ्याची आत्या. लग्न होऊन मी देऊळघाटला आले त्या दिवशी माप ओलांडून मान खाली घालून उभी होते, तोच एका गोऱ्यापान, ठसठशीत कुंकवाच्या बाईंनी माझी हनुवटी धरून चेहरा वर केला आणि त्या माझ्याकडे बघून प्रेमाने हसल्या. मी किंचाळले. दात असायला हवेत त्या ठिकाणी नुसता काळोख होता. मी बुलढाण्याची, मॅट्रिकपर्यंत शिकलेली. पूर्वीच्या बायका दातवण लावून दात काळे करत एवढं कानावर होतं, पण असं तोंड उघडून कोणी दाखवलं नव्हतं. किंचाळताना माझेही दात दिसले आणि आत्याबाई माझ्याहून जास्त दचकल्या. "माय व, हे तं हाडकं दिसून राह्यली," त्या जमलेल्या बायकांना म्हणाल्या. त्यांच्या लेखी पांढरे दात दोघींचेच असायचे, बिनलग्नाच्या पोरीचे आणि कपाळ पुसलेल्या बाईचे. सवाष्णीने दात काळे ठेवायचे. गावातल्या बाकीच्या बायकांनी ही रीत केव्हाच सोडली होती. म्हाताऱ्या मिश्री लावत, तरुण पोरी लाल मंजन. आत्याबाईंनी मात्र ती एकटीच्या बळावर धरून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझा दातांचा ब्रश काढला, त्यावरून तर घरात आकांत झाला. असा ब्रश डुकराच्या केसांचा असतो हे आत्याबाईंना कोणीतरी फार पूर्वी सांगितलं होतं आणि तेव्हापासून ते त्यांच्या डोक्यातून गेलं नव्हतं. मी नायलॉन म्हणजे काय ते समजावू लागले, तर त्यांनी नायलॉन हे डुकराचंच इंग्रजी नाव असणार असा निकाल दिला, चुलीजवळचा चिमटा आणला, ब्रश चिमट्यात धरून उकिरड्यावर नेऊन टाकला आणि येऊन आंघोळ केली. चिमट्यालाही आंघोळ घातली. माझ्या हातात कडुनिंबाची काडी आली. ती चावून चावून माझं तोंड दिवसभर कडू राही, आणि आत्याबाई समोर बसून काडीचा कुंचा नीट झाला की नाही ते तपासत.

त्यांचं दातवण घालणं हा घरातला मोठा समारंभ असे. हिरडा, मायफळ, हिराकस आणि आणखी काय काय लोखंडी कढईत भाजून, कुटून, वस्त्रगाळ करून त्या एका डबीत ठेवत. दुपारची जेवणं आटोपली की ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसत, बोटाने ती पूड एकेका दाताला चोळत, आणि मग दिवेलागणीपर्यंत ओठ मिटून ठेवत. पाणी नाही, बोलणं नाही. आत्याबाई गप्प असण्याची वेळ महिन्यातून तेवढीच येत असल्यामुळे घरातली सगळी चोरटी कामं तेव्हा उरकून घेतली जात. माझे सासरे त्यांच्या देखत विडी ओढून घेत. माझा नवरा मला बुलढाण्याला सिनेमाला नेण्याची परवानगी मागे, आणि उत्तर येत नाही म्हणजे होकार आहे असं धरून आम्ही निघूनही जात असू. आत्याबाई डोळे वटारत, हातवारे करत, भिंतीवर थापटत, पण ओठ उघडत नसत. दिवे लागले की मात्र तुंबलेलं सगळं एकदम बाहेर पडे.

दुसऱ्यांच्या तोंडात डोकावण्याचा त्यांना मोठा सोस. कोणी जांभई दिली तरी त्या वाकून आत बघत. माझ्या नवऱ्याची दाढ एकदा ठणकू लागली तेव्हा त्यांनी निखाऱ्यावर भुईरिंगणीच्या बिया टाकल्या, वर चिलीम उपडी धरली आणि तिचा धूर थेट त्याच दाढेवर सोडला. समोर पाण्याची वाटी. थोड्या वेळाने वाटीत काही बारीक पांढरं दिसू लागलं आणि आत्याबाई ते सगळ्यांना दाखवू लागल्या, हे पाहा दाढेतले किडे. मी हादरले. मग जवळ जाऊन पाहिलं तर त्या फुटलेल्या बियाच होत्या. मी ते बोलून दाखवलं, पण माझ्या नवऱ्याने खोकत, डोळे पुसत मला गप्प केलं. दाढ थांबली आहे, तू थांब, एवढंच ते म्हणाले. आठवड्याने ती पुन्हा सुरू झाली ती गोष्ट वेगळी.

एवढ्या मानाने काळे केलेले दात ज्यांच्या नावाने होते, ते आतोबा घरात नव्हते. ते कुठेच नव्हते. माझ्या लग्नाच्या खूप वर्षं आधी एका पहाटे हातात टमरेल घेऊन ते परसाकडे म्हणून गेले आणि परत आले नाहीत. विहिरी धुंडाळल्या, नदी पाहिली, नात्यागोत्यात माणसं पाठवली. काही पत्ता नाही. आत्याबाई माहेरी आल्या त्या कायमच्या. नवऱ्याबद्दल त्या वाईट बोलत नसत, फक्त टमरेल नवं होतं एवढं अधूनमधून म्हणत. बारा वर्षं झाली तेव्हा भटजी आले होते, पुतळा करून क्रिया उरकून घ्या म्हणाले, त्यांना आत्याबाईंनी उंबऱ्याच्या आतही घेतलं नाही. कुंकू काय, घामानेही जातं, बांगडी धुणं धुताना फुटते, पण दात काळे आहेत तोवर माझा माणूस आहे, आणि हे दात ज्या दिवशी पांढरे दिसतील त्या दिवशी समजा की गेला, असं त्यांनी पाणवठ्यावर सगळ्या गावाला बजावून ठेवलं होतं. आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबईत आणि मुंबईतून नव्या महाराष्ट्रात आला, त्याचा गावात आनंद झाला, पण आत्याबाई मात्र काळजीत पडल्या. मला बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, "काऊन व सूनबाई, राज्य बदललं म्हंते. मंग त्याइले गाव सापडंन का?" मला हसू आलं आणि लगेच ते गिळावंही लागलं.

असं सगळं चाललं असताना आत्याबाई भाकरी सोडून ताकातला भात खाऊ लागल्या. विचारलं तर उपास म्हणत. त्यांचा कोणता उपास भाताने होतो ते मला कळेना. मग एके सकाळी न्हाणीत त्यांनी चूळ टाकली आणि मी तिथेच उभी होते. रक्त आणि पू. त्यांचा गाल एका बाजूने सुजून तापला होता, आणि तो कोणाला दिसू नये म्हणून त्या कित्येक दिवस पदर गालावरून घेत होत्या. ज्या बाई सगळ्या गावाच्या तोंडात डोकावत, त्यांच्या तोंडात आम्ही कोणीच डोकावलो नव्हतो. मला त्यांचा राग आला आणि आम्हा सगळ्यांचाही आला.

बुलढाण्याला तेव्हा दातांचे डॉक्टर आठवड्यातून एकदा अकोल्याहून येत. तरुण होते. त्यांनी आत्याबाईंना तोंड उघडायला सांगितलं, बॅटरी मारली आणि दोन पावलं मागे सरले. मग पुन्हा धीर करून पाहिलं. दातांवर वर्षानुवर्षांचं कीटण दगडासारखं चढलं होतं, त्यावर दातवण, त्यावर पुन्हा कीटण, आणि त्याच्या खाली हिरड्या सडत चालल्या होत्या. सगळं खरवडून काढावं लागेल, तीन दाढा जातील, आणि पुढे रोज मिठाच्या पाण्याने चुळा भरून दात स्वच्छ ठेवायचे, दातवण जन्मात लावायचं नाही, असं त्यांनी सांगितलं. नाही केलं तर हा पू जबड्यात उतरेल आणि मग माझ्या हातात काही राहणार नाही, हेही सांगितलं. आत्याबाई खुर्चीवरून उठल्या आणि तोंडात कापसाचा बोळा तसाच धरून बाहेर चालू लागल्या. मी त्यांना एसटी स्टँडवर गाठलं.

तिथे बाकावर बसून त्यांनी बोळा काढला. "दातवण सोडलं म्हंजे मीच त्याइले मारलं, सूनबाई," त्या म्हणाल्या. "आजवर घरातलं कोणी म्हनलं नाही थे गेले म्हून. पह्यले मीच म्हनू?"

मला त्यांच्याशी गोड बोलायला हवं होतं, पण तापाने फणफणलेल्या बाईला पाहून माझं डोकं तडकलं होतं. "आन् थे उद्या आले, आन् तुमीच नसल्या, मंग?" मी म्हटलं. "मंग कोणाले पायतीन थे?"

 आमच्या गावाकडची गाडी लागली, भरली आणि निघून गेली. मग त्या उठल्या आणि दवाखान्याच्या वाटेला लागल्या.

डॉक्टरांनी दोन खेपांत सगळं खरवडून काढलं. काळ्या कपच्या वाटीत टणटण पडत होत्या. शेवटी त्यांनी आत्याबाईंना चूळ भरायला लावली आणि मी पाहिलं तर आत चांगले मक्याच्या दाण्यांसारखे दात होते. एवढ्या वर्षांत मी त्या बाईंना पाहिलंच नव्हतं असं मला वाटलं. आत्याबाई सुंदर होत्या. डॉक्टरांनी कौतुकाने आरसा पुढे केला, त्यात एकदाच बघून आत्याबाईंनी जो पदर तोंडात धरला तो घरी आल्यावरही सोडेनात. जेवायच्या भिंतीकडे तोंड करून, बोलायच्या पदराआडून.

पण आत्याबाईंना न ओरडता किती दिवस राहवणार? अंगणात मिरच्या वाळत घातल्या होत्या, त्यात शेजारची शेळी शिरली. आत्याबाई काठी घेऊन धावल्या, पदर सुटला, तोंडातून शिव्यांची सरबत्ती सुरू झाली, आणि भिंतीपलीकडून शेजारणीने सगळे दात पाहिले. तिने शेळी तिथेच सोडली आणि पळत गेली.

तासाभरात आमच्या दारात पंचवीसेक बायका गळे काढून रडत होत्या. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून कोणी पिठलं आणलं होतं, कोणी भाकरी. आमच्या चुलीवर त्या वेळी वांग्याची भाजी रटरटत होती. तिचा वास आला तशी त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी जाऊन भाजी उतरवून ठेवली. तेवढ्यात मामंजी शेतातून आले. दारातली गर्दी बघून ते मटकन खाली बसले, टोपी काढली आणि ढसाढसा रडू लागले. बराच वेळ रडल्यावर त्यांनी मला हळूच विचारलं, कोण गेलं? आत्याबाई तर कपाळाचं कुंकू बोटाने दाखवत सगळ्यांमधून फिरत होत्या, कोणी गेलं नाही, डॉक्टरनं दात धुतले, म्हणून सांगत होत्या. ते ऐकून बायका आणखी रडल्या. दुःखाने बिचारीचं डोकं फिरलं असं त्यांचं एकमत झालं. भटजीही येऊन गेले. पिठलं-भाकरी परत नेणं बरं नाही म्हणून ती आम्ही दोन दिवस खाल्ली.

आमच्याकडची बातमी पोस्टाने जात नाही, ती एसटीने जाते. बाजाराला गेलेल्यांबरोबर ती चिखलीला गेली, चिखलीहून मेहकरला. महिना-दीड महिन्याने एका दुपारी दारात पांढऱ्या कपड्यांतला, दाढी वाढलेला एक म्हातारा उभा राहिला. मी पसाभर पीठ घेऊन गेले. त्याने झोळी पुढे केली नाही. घर ओळखू येत नसल्यासारखा तो इकडेतिकडे बघत होता. मी कोण पाहिजे म्हणून विचारत होते, तोच मागे आत्याबाई येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या श्वासावरूनच मला कळलं आणि माझ्या हातून पीठ सांडलं.

आतोबा मेहकरकडच्या एका आश्रमात एवढी वर्षं भात शिजवत होते. आमच्या गावचं कोणीतरी तिथे जेवायला बसलं, आणि देऊळघाटचा जावई अमुक अमुक वारला, त्याच्या बायकोने दातवण सोडलं, असं बोललं. पंगतीत वाढता वाढता त्यांनी स्वतःचं मरण ऐकलं.

"मी गेलो म्हून आयकलं," ते आत्याबाईंना म्हणाले. "म्हनलं, तू एकटीच रडत अशीन."

आत्याबाईंनी तोंडावरचा पदर बाजूला केला. "तुमी गेले म्हून नाही धुतले," त्या म्हणाल्या. "पू झाला होता म्हून धुतले."

एवढंच. मी श्वास रोखून उभी होते, आता भांडण होईल, रडणं होईल, काहीतरी होईल. आत्याबाईंनी त्यांना हातपाय धुवायला पाणी दिलं आणि ताट वाढलं. आतोबांनी भाकरीचा तुकडा तोंडात घातला आणि तो नुसता घोळवत राहिले. त्यांच्या तोंडात एकही दात उरला नव्हता. आत्याबाईंनी ताट ओढून घेतलं, भाकरी दुधात कुस्करली, बोटांनी अगदी लोण्यासारखी केली आणि पुन्हा पुढे ठेवली. का गेलात, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. संध्याकाळच्या गाडीने ते परत गेले. उद्या पंगत आहे म्हणाले. आत्याबाई त्यांना फाटकापर्यंतही सोडायला गेल्या नाहीत.

मला इतका संताप आला होता की रात्री जेवण गेलं नाही. गावाला मात्र भलताच आनंद झाला. आतोबा जिवंत आहेत हे आता सिद्ध झालं होतं. चिमूटभर हलकं दातवण अधूनमधून लावलं तर चालेल का, म्हणून मी डॉक्टरांना विचारायला निघाले, आणि शेजारीण तर डबी भरून घेऊनच आली. आत्याबाईंनी ती परत केली.

"एवढी वर्सं ठावूक नोतं म्हून लावलं," त्या म्हणाल्या. "आता ठावूक झालं."

त्यानंतर त्यांनी कधी दातवण घातलं नाही. कुंकू राहिलं, बांगड्या राहिल्या. रोज सकाळी ओट्यावर सगळ्यांच्या देखत मिठाने दात घासत, पदर न घेता बोलत, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला आम्ही कौतुकाने सांगत असू की बघा, या वयात कसे मोत्यासारखे दात आहेत. खरंच, त्या हसल्या की ओसरी उजळे. तरी मला त्यांचं ते पहिलं काळं हसू आठवतं, जे पाहून मी किंचाळले होते. त्या हसण्यात सदैव कोणीतरी दारातून आत येणार असायचं. पांढऱ्या दातांनी त्या पुढे पुष्कळ वर्षं हसल्या, पण हसताना त्यांनी दाराकडे एकदाही पाहिलं नाही.