बारशाला घेतलेली जिभेची परीक्षा

बारशाला गेल्यावर बाळ पाहावे, घुगऱ्या खाव्यात आणि घरी परत यावे. जीवशास्त्र शिकवू नये.

इरा, तू विचारले आहेस की शाळेत आनुवंशिकता सुरू झाली आहे, आजी फोनवरून समजावून सांगेल का? नाही सांगणार. तुझा धाकटा भाऊ नील मोठा होईल तेव्हा त्यालाही नाही. बारामतीत मी उभा जन्म दहावीच्या वर्गांना हाच विषय शिकवला, आणि यंदा याच विषयाने मला भर मांडवात उताणे पाडले. कसे ते वाचा, आणि मग आपापल्या पुस्तकातून शिका.

तुमच्या समीरमामाला मुलगी झाली. पहिले बाळंतपण माहेरी, म्हणून बारसेही ऋतुजामामीच्या माहेरी, बावड्याला. आजोबा, मामा आणि मी गाडीने निघालो. बाळाची झबली मी रंगांच्या क्रमाने घडी करून नेली होती (गडदपासून फिक्याकडे; हसू नका). सगळे कसे व्यवस्थित होते!

पाळणा हलला, ओवी नाव ठेवले, घुगऱ्या वाटल्या, आणि मग प्रत्येक बारशात होते तेच सुरू झाले: बाळाच्या अवयवांची वाटणी.

"नाक बघा, आमच्या अण्णांचं!" विहीणबाई म्हणाल्या. विहीणबाई म्हणजे ऋतुजाची आई. आवाज असा, की कालव्यापलीकडची म्हैस वळून पाहील.

"कपाळ माजं हाय," त्यांची काशीआत्या म्हणाली.

"आन रंग तर समदा आमच्याकडचा," विहीणबाईंनी भर घातली.

"मग आमच्याकडून काय आलं?" मी हसत विचारले. (हसत! हे ध्यानात ठेवा.)

"आडनाव!" विहीणबाई म्हणाल्या.

सगळा मांडव हसला. तुमचे आजोबाही हसले. तिथे मी एक घुगरी तोंडात टाकून गप्प बसले असते, तर आज सुखात असते. पण मी उभी राहिले. उभी राहिले की मला समोर वर्ग दिसतो. त्याला माझा इलाज नाही.

"असं नसतं," मी म्हणाले. "निम्मं आईकडून येतं, निम्मं बापाकडून. आबा, तुम्ही उसाची कांडी लावता, त्यातून ऊस कसा येतो?"

आबा म्हणजे ऋतुजाचे चुलत आजोबा. हयात उसात गेलेली. "कांडीसारकाच. दुसरा कसा यील?"

"बरोबर! तिथं एका पेशीच्या दोन होतात, दोनाच्या चार, आणि सगळ्या हुबेहूब. नक्कल! पण माणूस काही कांडीपासून येत नाही."

"येत न्हाय त्येच बरं," आबा म्हणाले, "न्हायतर समदं गाव माज्यासारकं दिसलं असतं!"

बायकांनी तोंडाला पदर लावले. वर्गात असा हशा पिकला की शिक्षकाने पुस्तक मिटावे. मी मिटले नाही. मी प्रयोगाकडे वळले!

"काहींना जिभेच्या दोन्ही कडा वर उचलून नळी करता येते. काहींना मेलं तरी जमत नाही. हे आईबापांकडून येतं. करून बघा!"

मुलांनो, तुम्ही परदेशात पुष्कळ काही पाहता, पण अख्खा मांडव जिभा बाहेर काढून बसलेला पाहिला आहे का? जरीच्या साड्या, फेटे, आणि प्रत्येकाची जीभ हनुवटीवर. काशीआत्याने इतका जोर लावला की तिची कवळी घुगऱ्यांच्या ताटात पडली. ती शोधली, धुतली, आणि प्रयोग पुढे चालू झाला.

विहीणबाईंची नळी अशी झाली की त्यातून चहा ओढता आला असता. ऋतुजालाही जमले. मला कधीच जमत नाही. आजोबांनीही जीव तोडून प्रयत्न केला; शेवटी कुणीतरी घाबरून त्यांना पाणी आणून दिले.

"पर ह्येचा उपेग काय?" आबांनी विचारले.

मला काय, तेवढेच हवे होते! मी नैसर्गिक निवडीवर घसरले. ज्या गुणाने जगायला मदत होते तो गुण पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, ज्याने अडचण होते तो मागे पडतो, वगैरे.

"मंग नळी कशी टिकली?"

"तिचा तोटा नाही ना काही, म्हणून."

"आन ज्यास्नी नळी येत न्हाय, ती कशी टिकली?"

"बोलून बोलून," विहीणबाई म्हणाल्या आणि माझ्याकडे पाहिले.

आता मात्र मला नियम सांगणे भाग होते. नियम मी सांगितला, आणि खणखणीत सांगितला. "ज्या आईबापांना दोघांनाही नळी येत नाही, त्यांच्या पोराला ती येणं शक्य नाही!"

"शक्यच न्हाय?"

"त्रिवार नाही! हे शास्त्र आहे, विहीणबाई, माझं मत नव्हे."

नेमका तेव्हाच समीरमामा केळीच्या पानांचा भारा घेऊन मांडवात शिरला. विहीणबाईंनी त्याला तिथेच थांबवले. "जावईबापू, जीभ दुमडा बगू."

सासुरवाडीत जावई प्रश्न विचारत नसतो. हाही काही विधी असेल असे समजून त्याने भारा खाली ठेवला, पाळण्याला नमस्कार केला आणि जीभ बाहेर काढली. इतकी सुबक नळी त्या दिवशी बावड्यात कुणाची झाली नव्हती!

 

"अगं बया!" काशीआत्या म्हणाली.

सगळ्यांनी आधी आजोबांकडे पाहिले, मग माझ्याकडे. मग पुन्हा आजोबांकडे, पण आता दयेने.

"अहो, तो नियम जुना आहे!" मी ओरडले. "खरं म्हणजे हे इतकं सोपं नसतं! नव्या पुस्तकांत म्हटलंय की जिभेचं एका जनुकावर ठरत नाही, काहींना तर सरावानंसुद्धा जमतं..."

"आत्ता तर शास्त्र व्हतं," विहीणबाई म्हणाल्या. "लगीच मत झालं व्हय?"

(इरा, मी सांगत होते ते अगदी खरे होते. तुझ्या पुस्तकातही असेल. पण खरे कधी सांगावे यालाही वेळ असते.)

मग विहीणबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांच्या रागाचे मला कधी काही वाटले नाही, पण ती माया! "जाऊ द्या ताई. मानसाच्या हातनं व्हतंय."

"माझ्या हातून काहीही झालेलं नाही!" मी इतक्या मोठ्याने म्हणाले की ओवी दचकून रडू लागली.

परतताना इंदापूर मागे पडले, तसे आजोबा खाकरले. "तुझ्या शाळेत तो भूगोलाचा मास्तर होता, त्याला नळी येत होती का गं?"

"त्याला भूगोलही येत नव्हता!"

"आई, नक्की झालंय तरी काय?" मामाने विचारले.

"गाडी चालव!" आम्ही दोघेही म्हणालो.

दुसऱ्या दिवसापासून आजोबांचा सराव सुरू झाला. "मला संशय नाही गं," ते म्हणत, "पण लोकांचं तोंड कोण धरणार?" आणि पुन्हा आरशासमोर. चहा पिताना सराव, पेपर वाचताना सराव, देवळात डोळे मिटून सराव. शेजारच्या बाईंनी हळूच विचारले, "तात्यांच्या तोंडावरून वारं गेलं का हो?" (तात्या म्हणजे तुमचे आजोबाच.) मी काय सांगणार? संसार केला, मुले वाढवली, सुना-जावई आणले, आणि म्हातारपणी माझी अब्रू नवऱ्याच्या जिभेच्या दोन कडांवर येऊन टेकली! जेवण जाईना. कपाटातल्या कपड्यांच्या घड्यासुद्धा मी कशाही करू लागले.

आणि एका सकाळी न्हाणीघरातून आरोळी आली. कडा उचलल्या होत्या! नळी नव्हे, पत्र्याची पन्हाळ म्हणता येईल इतपतच, पण उचलल्या होत्या. आजोबांनी दाढीचा साबण तसाच ठेवून बावड्याला व्हिडिओ कॉल लावला. विहीणबाईंनी सगळे घर गोळा केले. आजोबांनी जीभ दाखवली.

"जमलं की वो तात्यांना!" टाळ्याच पडल्या. आबांनी निकाल दिला, "पोरगं तात्यांचंच हाय! काय सौंशय न्हाय!"

मी देवापुढे साखर ठेवायला उठणार, तोच विहीणबाई म्हणाल्या, "आता तुमी करा बगू, ताई."

मी केले. म्हणजे, करून पाहिले. जीभ सपाटच राहिली. पलीकडून काशीआत्याचे "अगं बया!" पुन्हा ऐकू आले.

आता बावड्यापासून इंदापूरपर्यंत कुणालाही शंका नाही की तुमचा मामा तात्यांचाच मुलगा आहे. शंका आहे ती तो माझा आहे का, याची. त्याच्या जन्माच्या वेळी मी स्वतः तिथे हजर होते, असे मी परोपरीने सांगते, पण विहीणबाई म्हणतात, "ताई, ह्ये शास्त्र हाय का तुमचं मत?"