भिकाच्या पायातलं लॅटिन

तलासरीला हायवेवरच्या एका मोठ्या हॉटेलच्या दारात भिका उभा असतो. डोक्याला फेटा, मिशीला पीळ, येईल त्या गाडीला सलाम. बसायचं नाही, असा मालकाचा हुकूम. दरवान बसलेला दिसला की गिऱ्हाइकाला म्हणे आतला डोसाही शिळा वाटतो! वर्षानुवर्षं उभं राहून भिकाच्या पोटऱ्यांवर निळ्या शिरा टरारून वर आल्या. आधी गडी खूश. अंगातली ताकद बाहेर पडली म्हणून पँट दुमडून पाड्यावर मिरवायचा. पाय ठणकायला लागले, तेव्हा मात्र स्वारी डहाणू रोडला दक्षाबेन डॉक्टरणीकडे गेली.

"व्हेरिकोज व्हेन्स," दक्षाबेन म्हणाल्या.

"म्हंजी?"

"लॅटिन शब्द आहे, भिकाभाई. व्हेरिक्स म्हणजे फुगून वेडीवाकडी झालेली शीर. जुन्या रोमन लोकांचा शब्द. घट्ट डॉक्टरी मोजे घ्या, आणि घरी पाय उशीवर उंच ठेवून पडत जा."

मोजे घ्यायचे भिका विसरला. शब्द मात्र घरी घेऊन आला.

झालं! दुखणं असावं तर असं. पाड्यावर कोणाला खोकला, कोणाला खरूज, सगळी आपली गावठी दुखणी. थेट रोमवरून आलेलं दुखणं एकट्या भिकाचं! सुट्टीच्या दिवशी अंगणात बाज, बाजेवर भिका, भिकाचे पाय उशीवर. येईल त्याला पाय दाखवायचा आणि अर्थ सांगायचा. हळूहळू त्या अर्थात एक रोमन राजा शिरला, त्याच्या मागोमाग राजाचा हत्तीही आला. शेजारचा लहान्या तोंड उघडं टाकून ऐकायचा. त्याच्या खरजेला बिचारीला काही इतिहासच नव्हता.

चहा आण, उशी सरकव, माशा वार, हे सगळं काळी, म्हणजे भिकाची बायको, करायची. तीही दिवसभर लोकांच्या शेतात, चिखलात ओणवी राहून भात लावून आलेली.

मोज्यांवाचून ठणका थांबेना. भिका काळीला सोबत घेऊन पुन्हा दवाखान्यात गेला, पाय पुढे केला आणि रोमन राजापासून सुरुवात केली. दक्षाबेनचं लक्षच नव्हतं. त्या दाराशी उकिडव्या बसलेल्या काळीकडे बघत होत्या. साडी घोट्यावरून सरकली होती. खाली बांधलेली चिंधी ओली होती आणि भोवतालची कातडी काळीठिक्कर पडली होती.

"हे केव्हापासून?"

"शिरा वर्षाच्या येळेपासून. जखम औंदाची." वर्षा म्हणजे त्यांची लेक. ती आता सासरी नांदते.

"अगं बये, मला बोलली नाहीस?" भिका ओरडला.

"बोलायचं काय त्यात? तुमच्या पायाखाली उशी देताना माझा पाय तुमच्या डोळ्यांसमोरच व्हता की."

"हिलाही तेच आहे, भिकाभाई, आणि तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त," दक्षाबेन म्हणाल्या. "जखम भरेपर्यंत हिला शेतात पाठवू नका."

भिकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने दुमडलेली पँट गुपचूप खाली सोडली.

आता बाजेवर काळी असते. परवा लहान्याने येऊन विचारलं, "काय रं भिका, राजा काय म्हणतो?" भिका तांदूळ निवडत होता. त्याने एक खडा उचलून बाजूला टाकला.

काळीला असं पडून राहायची सवय नाही. पाठ टेकते न टेकते तोच ती भिकाला विचारते, "उठू का आता?"