भिंतीवरचं बी

श्रीरामपूरजवळच्या टिश्यू कल्चरच्या लॅबमध्ये पुष्पावतीनं आजवर केळीची आणि उसाची इतकी रोपं बाटल्यांत वाढवली, की तिचं सासर-माहेर दोन्ही त्यांत झाकून गेलं असतं. बाई मोठी कडक. एखादी नवी मुलगी बांगड्या न काढता कामाला बसली, की हिचा पट्टा सुरू. "बाटलीत वारं शिरलं की बुरशी शिरली, मग बसा बोंबलत!" हे तिनं इतक्यांदा ऐकवलं होतं, की पोरी तिच्या पाठीमागे नक्कल करत. आणि शेवटी हीच बाई चुकली, तीही टोमॅटोपायी.

तिचं माहेर पुणतांब्याचं. तिथं परसात, मोरीच्या पाण्यावर तिची आई झुंबरबाई टोमॅटो लावायची. फळं चपटी, देठाशी हिरवी आणि अशी आंबट, की खाणाऱ्याचा एक डोळा आपोआप मिटायचा. बाजारात त्यांना कुत्र्यानंही विचारलं नसतं, पण घरात त्यांच्यावाचून कालवण होत नसे. हंगाम सरताना झुंबरबाई चांगलं पिकलेलं फळ फोडायची, बी राखेत चोळायची आणि शेणात कालवून चुलीमागच्या मातीच्या भिंतीवर थापायची. पुढच्या साली ती थापी खरवडली की झालं बियाणं. काय दिवस होते ते! आईच्या हाताला सदा टोमॅटोच्या पानांचा उग्र वास. तिनं वेणी घातली की तो केसांनाही लागायचा, आणि शाळेतल्या पोरी नाक मुरडायच्या.

झुंबरबाई गेली. धाकट्या भावानं, ज्ञानेश्वरनं घर दुरुस्त केलं. त्याच्या बायकोनं, निकितानं चुलीमागची भिंत स्वतः खरवडली, तिला सिमेंट करून घेतलं, वर पिस्ता रंग दिला. त्या थाप्यांत बी आहे हे तिला सांगितलं होतं कुणी? पण पुष्पावती माहेरी आली, भिंत बघितली आणि तिचा तोल गेला.

"आईला पुसून काढलंस गं तू!"

गेलेला शब्द काही परत येत नाही. तेव्हापासून दोघींत बोलणं उरलं ते चहापुरतं.

परसात एकच झाड शिल्लक होतं, तेही रोगानं आकसलेलं. पानं वळलेली, फूल आलं की गळायचं. फळच नाही तर बी कुठलं? पुष्पावतीनं त्याचा शेंडा ओल्या फडक्यात गुंडाळून लॅबमध्ये नेला.

"शेंड्याच्या अगदी टोकात रोग सहसा पोचलेला नसतो. बघा करून," लॅबच्या मॅडम म्हणाल्या.

तिनं टोचणीच्या टोकाएवढे तुकडे कापून बाटल्यांत ठेवले. बहुतेक करपले. दोन बाटल्या तेवढ्या हिरव्या झाल्या. त्यांत पानं आली, मुळं फुटली. एके दिवशी पोरी डबा खायला गेल्या होत्या. पुष्पावतीनं एक बाटली हातात घेतली. आत आईच्या झाडाची पानं, आणि वास मात्र काचेपलीकडे. तिला राहवलं नाही. तिनं झाकण उघडलं आणि नाक आत घातलं.

वास कसला! साखरपाण्याच्या खळीसारखा काहीतरी ओलसर दर्प. चार दिवसांत त्या रोपावर पांढरी बुरशी चढली. "मीच उघडली," तिनं सांगितलं. त्या दिवशी नक्कल करायचं कुणाला सुचलं नाही.

उरलेल्या बाटलीकडे ती पाठ करून बसू लागली. स्वतःचाच भरवसा वाटेना तिला. पुढं ते रोप कुंडीत आलं, शेडनेटखाली उन्हावाऱ्याला सरावलं, आणि एसटीत तिच्या मांडीवर बसून पुणतांब्याला गेलं. रोगट झाड उपटून तिनं ते मोरीपाशी लावलं.

"पानी घालशील का? मला रोज यायला जमायचं न्हाई," ती निकिताकडे न बघताच म्हणाली.

"घालीन की, आक्का."

उन्हाळ्याच्या तोंडाला निकिताचा फोन आला. "आक्का, या लवकर. पिकलंय. मी हात न्हाई लावला."

पुष्पावती धावत गेली. आधी तिनं पान चुरगाळून हुंगलं, आणि तिथंच मोरीच्या काठावर बसून रडली. तोच वास. मग फळ चिरलं, बी काढलं आणि वाळवायला कागद मागितला, लॅबची सवय. निकिता कागद न घेताच आली. एका हातात शेण, दुसऱ्या हातात वाटी, वाटीत राख.

"गॅसच्या घरात राख कुठली गं?"

"शेजारची म्हातारी अजून चूल पेटवती. तिच्याकडनं आणली."

पुष्पावतीनं बी राखेत चोळलं, शेणात कालवलं आणि गोळा हातात धरून भिंतीपुढं थबकली.

"रंग खराब हुईल गं तुझा."

"हुंद्या." निकितानं तिचं मनगट धरलं आणि गॅसच्या शेगडीमागं, थोडं डावीकडं नेलं. "हितंच थापा. आत्याबाईंच्या थाप्या हितंच हुत्या. मीच खरवडल्यात, मला जागा ठावं हाय."