सुमती विसरलेली जास्वंद

सगळ्यांना नमस्कार. गुडघा दुखतोय, म्हणून थोडक्यात सांगते.

परवा आमच्या मोहननं बेंगळूरहून फोनवर ओरडून ओरडून माझ्याकडून नेटला पासवर्ड घालून घेतला. "अम्मा, उघडं नेट कुणीही वापरेल, पोलीस तुझ्या दारात येतील!" बरं बाबा, घातला.

मागच्या गल्लीतली सुमती रोज चार वाजता पूजेला जास्वंदी मागायला येते. दोन फुलं तोडायला तिला अर्धा तास लागतो. आज मीच टोपलीभर तोडून दिली. म्हटलं, ऊन बघ किती, जा घरी. तरी कंपाउंडला टेकून फोन टोचत उभी.

शेवटी हळूच म्हणाली, "अक्का, तुमचं नेट बिघडलंय का?"

"अगे, म्हणजे फुलं निमित्ताला होय?"

"फुलं पण लागतात, अक्का." आणि रडायलाच लागली. नवरा मालाच्या जहाजावर. बंदर लागलं की मेल करतो. काल लागायचं होतं.

"मग सरळ मागायचं नाही?"

"फुलं मागता येतात, अक्का. हे कसं मागू?"

पासवर्ड मला कुठला आठवतोय? कॅलेंडरवर लिहिलेला. कॅलेंडरच काढून आणलं, तिच्यापुढे धरलं.

मेल आला होता. वाचत वाचतच गेली. टोपली भिंतीवर तशीच.

मोहन, हे वाचून तू ओरडणार. ओरड. उद्या चार वाजता ती फुलंच मागेल, मीही फुलंच देईन. बाकीच्यांनो, तुमच्या कंपाउंडला कोण टेकून उभं असतं, कधी विचारलंत का?