निनावी पोर्ट

सर्व्हरच्या खोलीत त्यांना सारे कुलूपकाका म्हणत, आणि ते नाव त्यांनी स्वकष्टाने मिळवले होते.

रॅकमधील प्रत्येक सर्व्हरला नेहमीच्या तारेखेरीज एक लाल तार असते. सर्व्हर गोठला, तरी तिच्यावाटे त्याला दुरूनच बंद करून पुन्हा उठवता येते. या लाल तारा रॅकच्या माथ्यावरील एका लहान स्विचमध्ये येत, आणि त्याच्या पोर्टांवर, म्हणजे तारा खोचण्याच्या खाचांवर, काकांची अनिर्बंध सत्ता होती. ज्या पोर्टपुढे नाव नोंदवलेले नसेल, तो पोर्ट काका तत्काळ बंद करीत. तार कोणाची, हे विचारण्याचा शिरस्ता नव्हता.

"ज्याची असेल तो बोंबलत येईल," असे ते म्हणत. आणि माणसे खरोखरच बोंबलत येत.

कचेरीत तारा टाकण्याचे काम करणारा जाड्या एकदा असाच आला, तेव्हा काका साहेबांदेखत म्हणाले, "नाव लिहिता येत नसेल तर अंगठा उठवत जा." सारे हसले. जाड्याही हसला.

पुढे काकूंची उजवी बाजू अर्धांगवायूने गेली. घरात दुसरे माणूस नव्हते. साहेबांनी घरून काम करण्याची सवलत दिली, पण बजावले, "रॅकला हात लावायला ज्या दिवशी इथं यावं लागेल, त्या दिवशी सवलत संपली. सगळं दुरून होतं, असं तुम्हीच सांगता ना?"

एके सकाळी काकांना पडद्यावर एक निनावी पोर्ट चालू दिसला.

"अहो, पाणी देता का?" आतून काकूंनी विचारले.

"एवढं कुलूप लावतो नि आलोच."

त्यांनी पोर्ट बंद केला आणि पडदा जागच्या जागी थिजला. बाहेरून स्विचपर्यंत पोहोचण्याची वाट एकाच तारेतून होती. ती तार जाड्याने आदल्या दिवशी नाव असलेल्या पोर्टमधून काढून शेजारच्या निनावी पोर्टमध्ये खोचली होती. बसल्या फांदीवर काकांनी स्वहस्ते घाव घातला होता.

त्यांनी जाड्याला फोन लावला. "अरे बाबा, तेवढी तार पहिल्या जागी लाव रे."

"कोणती तार, काका? मी पडलो अंगठेबहाद्दर. नावं कुठं वाचता येतात मला?"

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. त्यांच्या पडद्यावरून सारे सर्व्हर एकदम नाहीसे झाले होते. काका तसेच निघाले.

रॅकपाशी उभे राहून पोर्ट उघडायला त्यांना क्षणभरही लागला नाही.

"उद्यापासून खुर्ची इथंच," साहेब म्हणाले.

"साहेब, हिला पाणी पाजायलासुद्धा कोणी..."

"शेजारीपाजारी नाहीत का तुम्हाला?"

दाराशी जाड्या हात पुसत उभा होता. "तार मीच हलवली होती, काका. बंद करण्याआधी विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

काका घरी परतले तेव्हा काकूंचे ओठ कोरडे पडले होते. "लागलं का एकदाचं तुमचं कुलूप?" त्यांनी विचारले.

दुसऱ्या दिवशी काकांनी तिच्या उशाशी भरलेला तांब्या ठेवला, त्यावर फुलपात्र नीट पालथे घातले आणि दार बाहेरून लावून घेतले. तांब्या आपण काकूंच्या उजव्या हाताशी ठेवला आहे, हे त्यांच्या ध्यानात आले ते रॅकसमोर बसल्यानंतर.