पॅटर्नमामांची सहावी पेटी

पॅटर्नमामांनी मामींना एका चहात पसंत केलं होतं. मुरगूडला गेले, बशीतला चहा संपेपर्यंत एकदाच वर पाहिलं आणि "चालंल" म्हणाले. सहाव्या पेटीत कुठला कोळी आणायचा हे ठरवायला मात्र त्यांना चार वर्षं पुरली नाहीत. हे मी नाही, मामी सांगायच्या. घरी येणाऱ्या प्रत्येकाला, चहाचा कप हातात देता देता. "मला एक चा, आणि त्या केसाळ सटवीला चार वर्सं!" असं म्हणून त्या इतक्या समाधानानं हसायच्या, की आलेल्या माणसाला कुणाची बाजू घ्यावी तेच कळायचं नाही.

कोळी म्हणजे घराच्या कोपऱ्यात जाळं विणतो तो फुटकळ प्राणी नव्हे. टॅरँटुला! तळहाताएवढा, अस्वलासारखा केसाळ, आठ पायांवर जहागीरदारासारखा चालणारा. आमच्या कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत ज्या वेळी घरोघर मालिका सुरू असायच्या, त्या वेळी मामा टीव्ही काढून टाकलेल्या भिंतीपुढं बसून पाच काचेच्या पेट्यांकडं बघत असायचे. पाचही माद्या, पाचही परदेशी वाणाच्या, पण पुण्यातल्या एका पैदासवाल्याकडं जन्मलेल्या, सरकारी नोंदीचे कागद असलेल्या. "रानातली धरायची न्हाय. रानातली रानात," हा त्यांचा नियम. दोन-दोन तास एकही कोळी हलायचा नाही. मी विचारायचो, "मामा, बघताय तरी काय?" तर म्हणायचे, "आरं, हलंल तवा म्या न्हाय म्हटलं तर कसं व्हायचं?"

फौंड्रीत ओतकाम करायच्या आधी जो लाकडी नमुना बनवतात, तो पॅटर्न. मामांनी चाळीस वर्षं तेच काम केलं. पॅटर्न हव्या त्या मापापेक्षा केसभर मोठा करावा लागतो, कारण ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं. या केसभराला ते घट म्हणायचे आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीत घट धरायचे. लग्नपत्रिकेवर सकाळी दहा असेल तर हे साडेअकराला निघायचे. पुढारी "रस्ता दिवाळीपर्यंत" म्हणाला की हे म्हणायचे, "कंची दिवाळी, ते इचार." स्वतःच्या बाबतीतही तेच. भुसा आणि फौंड्रीची धूळ खाऊन फुफ्फुसं निकामी होत चालली होती. डॉक्टर म्हणाले, काळजी घेतली तर पाच वर्षं काढाल. मामा बाहेर येऊन मला म्हणाले, "म्हंजे दोन धर."

मला ते स्पीकर म्हणायचे, खुशीत असले की लेका. माझा मांडव आणि लाउडस्पीकरचा धंदा आहे, आणि माझं तोंडही त्याच जातीचं. पेठेत बारसं असो की बारावं, माईक माझ्या हातात. मामा दुपारी दुकानात यायचे, गुंडाळलेल्या सतरंज्यांवर बसायचे, दम घ्यायचे आणि विचारायचे, "स्पीकर, निळीचं काय म्हणतोस?"

"घ्या की मामा! निळा कोळी म्हटल्यावर गल्लीत तिकीट लावू."

"पळती लई. माझ्या हाताला आता तेवढी चपळाई न्हाय."

"मग ती थाळीएवढी?"

"ती अंगावरची केसं उडवती हवेत. फौंड्रीनं फुफ्फुसात तेवढीच जागा सोडलीया, ती हिला देऊ व्हय?"

मग थोडा वेळ थांबून, लग्नाच्या मुलीबद्दल बोलावं तशा आवाजात, "ब्राझीलची काळी लई गुणाची. मखमलीगत. चावत न्हाय, पळत न्हाय, खायला मागत न्हाय. पर..." आणि तिथं गाडी थांबायची. तो 'पर' मला माहीत होता. ती मादी वीस-पंचवीस वर्षं जगते. मामा अडुसष्टचे, आणि घट धरून दोन वर्षांचे मालक. पिल्लू आणायचं आणि अर्ध्या वाटेत सोडून जायचं, हे त्यांच्या कारागिरीत बसत नव्हतं. मूलबाळ नव्हतं. मामी तर त्या पेट्यांकडं पाठ करून जेवायच्या. आपल्यामागं कुणीतरी सांभाळणारा मिळाला तरच काळी आणायची, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. 'पर' म्हणून झाल्यावर ते माझ्याकडं बघायचे. मी म्हणायचो, "मग जगा की शंभर वर्षं!" दुकानातली माणसं हसायची. मामाही हसायचे, आणि उठायचे.

तरी हळूहळू त्यांनी मला कामाला लावलं. आधी पाण्याच्या वाट्या भरायला, मग उरलेले रातकिडे चिमट्यानं उचलायला. खायला घालायचे रातकिडे एका डब्यात पाळलेले असायचे, ते दिवसभर किरकिरायचे, आणि मामी त्यांना "व्हराडी" म्हणायच्या. पेटी कशी उघडायची, फुंकर का मारायची नाही, हात कधी घालायचा नाही, सगळं मामा शिकवायचे. मी मन लावून शिकलो, असं मला वाटत होतं. खरं सांगायचं तर मी त्यावर किस्से रचत होतो.

पाच जणींत आक्का थोरली. लाल गुडघ्यांची, मेक्सिकोच्या जातीची. तांदळाच्या दाण्याएवढी आणली होती, चौदा वर्षं वाढवलेली. मामा सगळ्यांशी अरे-तुरे करायचे, आक्काशी अहो-जाहो. कधीकधी तिच्या पेटीवर मामींच्या जुन्या इरकलीचा तुकडा पडायचा. मग त्या बाजूला मोठ्यानं बोलायचं नाही, दार आपटायचं नाही. बाळंतिणीच्या खोलीबाहेर जसं वागतात तसं. महिन्याभरानं कापड निघायचं आणि आक्का नव्या साडीत बसल्यासारखी लखलखीत दिसायची. कात टाकली एवढं मला कळायचं. कापडाखाली ती नेमकं काय करते, ते मी कधी पाहिलं नव्हतं आणि विचारलंही नव्हतं.

गेल्या पावसाळ्यात मामांना धाप लागली ती थांबेना. दवाखान्यात न्यायला रिक्षा आणली, मामी पिशवी घेऊन बसल्या. मामांनी माझं मनगट धरलं आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "पाणी दे. आक्काचं कापड... उघडू नगंस."

"मामा, तुम्ही निवांत राहा! हा स्पीकर हाय तंवर..." मी भाषण सुरू केलं, आणि रिक्षा निघून गेली.

तीन दिवस मी कापडाला हात लावला नाही. चौथ्या दिवशी बंडू पैलवान आणि गल्लीतली आठ-दहा माणसं मामांच्या तब्येतीची चौकशी करायला आली, आणि आलीच आहेत तर कोळी दाखव म्हणाली. माझ्यासमोर माणसं जमली की मला माईक नसला तरी चालतो. मी एकेका पेटीपुढं उभा राहून असं वर्णन केलं, की पैलवान दोनदा दारापर्यंत जाऊन परत आला. चार पेट्या झाल्या. माणसं पाचवीकडं बघायला लागली. "आणि आता," मी म्हणालो, "या घराच्या महाराणी!" आणि जादूगारासारखं कापड ओढलं.

आक्का उताणी पडली होती. आठही पाय वर, हालचाल नाही. मी ब्रशनं हळूच स्पर्श केला. काही नाही. पैलवानानं डोक्यावरची टोपी काढली.

मामांना दवाखान्यात हे कळवायचं नाही, असं आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं. पण आक्काला अशीतशी टाकूनही द्यायची नाही. चौदा वर्षं ती पेठेत राहिली होती. नव्या चपलांच्या खोक्यात तांबडं फडकं घालून तिला ठेवलं, पैलवानानं झेंडूचा हार आणला, परसात तगरीखाली खड्डा घेतला, आणि मी बोलायला उभा राहिलो. तसं भाषण मी उभ्या आयुष्यात केलं नव्हतं आणि आता करणार नाही. 'परक्या मुलखाच्या जातीची, पण कोल्हापूरची लेक झालेली आक्का' असं म्हटल्यावर पैलवान हुंदका देऊन रडला. मूठमूठ माती सगळ्यांनी टाकली. तिसऱ्या दिवशी गल्लीच्या तोंडाला फ्लेक्स लागला. वर आक्काचा फोटो, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि 'शोकाकुल' म्हणून सगळ्या गल्लीचं नाव. मजकूर माझाच. मामा परत आल्यावर हा मान बघतील आणि त्यांचा ऊर भरून येईल, अशी माझी खात्री होती.

अकराव्या दिवशी मामांची रिक्षा गल्लीत वळली आणि फ्लेक्सपाशी थांबली. मी पुढं झालो. मामा बराच वेळ वर बघत होते.

"कशी पडलीवती?" त्यांनी विचारलं. "मुटकुळं करून का उताणी?"

"उताणी मामा. अगदी शांत. पाय वर करून."

मामांनी डोळे मिटले. मामी म्हणाल्या, "आवं, काय झालं?"

मामा मलाच समजावून सांगितल्यासारखे बोलले, पूर्वी पेटीसमोर बोलायचे तसे. "मरती तवा पाय पोटाखाली आवळून घेती. उताणी पडती ती कात टाकायला. दिवस-दिवस पडती. त्या वक्ताला हलवायचं न्हाय."

रिक्षावाला माझ्याकडं बघत होता.

मामा घरात गेले नाहीत. परसात गेले, भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, "काढ." मी हातानं माती उकरली. खोकं ओलं होऊन बसलं होतं, मी झाकण उचललं. फडक्यावर आक्काची जुनी कात होती, पाठीकडून उघडलेली, बोट अन् बोट शाबूत असलेल्या हातमोज्यासारखी. आणि खोक्याच्या कोपऱ्यात आक्का होती, नवी. गुडघ्यांचा लाल रंग मी इतका लाल कधी पाहिला नव्हता. पाय पोटाखाली आवळलेले. कात टाकल्यावर त्यांचं अंग काही दिवस मऊ असतं, हे मला नंतर कळलं. लाल मुंग्यांनी पोटाकडून सुरुवात केली होती.

मामांनी खोकं मांडीवर घेतलं. कारखान्यात तयार नग तपासायचे तसं सगळीकडून बघितलं.

"पुरी निघालीवती," ते म्हणाले. "एक पाय बी आत र्‍हायला न्हाय."

मला वाटलं होतं, शिव्या घालतील. चपलेनं मारलं असतं तरी मी उभा राहिलो असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दारात गेलो, तर खाटेवरून म्हणाले, "या पावणं. बसा." मामींना म्हणाले, "पावण्यांना चा टाक." मी हसलो, कारण थट्टा असेल असं वाटलं. तिसऱ्या दिवशीही तेच. त्यानंतर त्यांनी मला स्पीकर म्हटलं नाही, लेका म्हटलं नाही. दुकानात यायचं तर त्यांच्या फुफ्फुसांनीच बंद केलं होतं, आणि कुठला कोळी घ्यायचा हा विषय त्यांनी कुणाकडं काढला नाही. मीच एकदा धीर करून विचारलं, "मामा, सहाव्या पेटीचं?" ते छताकडं बघत म्हणाले, "ते मिटलं."

उरलेल्या चौघींची सोय त्यांनी खाटेवरूनच लावली. एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या बाई आल्या, त्यांना मामांनी तीन दिवस सगळं समजावलं. मी पेट्या टेम्पोपर्यंत उचलून देतो म्हणालो. मामा म्हणाले, "पावण्यांना कशाला तरास?" आणि पैलवानाला हाक मारली. ज्या पैलवानाला कोळ्याचं नाव काढलं तरी घाम फुटायचा, त्यानं डोळे गच्च मिटून चारही पेट्या उचलल्या. महिन्याभरात मामा गेले. डॉक्टरांनी पाच सांगितली होती, मामांनी दोन धरली होती, प्रत्यक्षात आठ महिने भरले. स्मशानात लोकांनी मला बोलायला पुढं केलं. मी मान हलवून मागं सरकलो. पाऊस आहे म्हणून बोलला नाही, असं लोकांना वाटलं.

त्यानंतर पंधरा दिवसांनी पुण्याहून फोन आला. तो पैदासवाला होता.

"सर, तुमच्या नावावर एक बुकिंग आहे. काकांनी केलेलं, दवाखान्यात जायच्या आधी आठवडाभर."

मामांनी तेव्हा माझ्या आधार कार्डाची झेरॉक्स मागितली होती. कशाला ते मी विचारलं नव्हतं. बोलण्याच्या भरात काढून दिली होती.

"पिल्लू त्यांनी स्वतः येऊन निवडलं, तेवढी धाप लागत असताना. मी म्हटलं, काका, फॉर्मवर तुमचं नाव घालू ना? तर म्हणाले, न्हाय, तिला जो शेवटपर्यंत सांभाळणार त्याचं घाला. मग काही दिवसांनी परत फोन आला त्यांचा. म्हणाले, राहू दे, रद्द करा. पण फॉर्म तुमच्या नावाचा आहे सर, तुमच्या होकाराशिवाय मला रद्द करता येत नाही."

"कुठली होती?" मी विचारलं.

"ब्राझीलची काळी. मादी आहे. अजून आहे माझ्याकडं, हवी असेल तर पाठवतो. नीट सांभाळली तर पंचवीस वर्षं कुठं जात नाही बघा."

फोन कट झाला असं समजून तो दोनदा हॅलो म्हणाला.

"रद्द करा," मी म्हणालो.

"ठीक आहे सर. एक मेसेज येईल, त्याला ओके करा."

मेसेज आला. मी ओके केलं.